उजव्या सीटवरचं वजन

आपण हात लावलेलं इंजिन वेळ आली तर जळून खाक व्हावं, यासाठी मृण्मयी जगदाळेनं आयुष्याची चार वर्षं घातली होती.

हे सांगितलं की लोक हसायचे. इंजिन टिकावं म्हणून माणसं डोकं खाजवतात आणि ही बाई ते जळावं म्हणून! मग ती खुर्ची ओढून नीट समजावून सांगायला बसायची. तिला ते सांगायला फार आवडायचं.

रस्त्यावरच्या गाड्या विजेवर गेल्या, तेव्हा देशोदेशीच्या स्पोर्ट्स कारची इंजिनं गोदामांत पडून राहिली. सहा सिलिंडरची, टर्बो लावलेली, वजनाला हलकी आणि अंगात तीनशे घोडे. पळायला मात्र रस्ता उरला नव्हता. कराडच्या प्रसन्न चिटणीसांनी ती उचलली आणि चार माणसांच्या छोट्या विमानांत बसवली. विमानाचं नाव ठेवलं पाकोळी. इंधन म्हणून उसाचं इथेनॉल, ते तर प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात. पाचसहा वर्षांत अशी वेळ आली की सातारा-सांगलीकडचा माणूस कोकणात काम निघालं की एसटीला हात करावा तसा पाकोळीचं तिकीट काढू लागला.

पण गाडीचं इंजिन उचलून विमानात ठेवलं आणि झालं, असं ते नसतं. गाडीचं इंजिन मिनिटाला सहासात हजार फेरे घेतं. पंखा तेवढ्या वेगानं फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाला जाऊन भिडतील आणि नुसता गोंगाट होईल, ओढ मिळणार नाही. म्हणून मधे गिअर घालून वेग उतरवावा लागतो. शिवाय गाडीला पूर्ण ताकद लागते ती क्षणभर, कुणाला मागं टाकायचं असेल तेव्हा. विमानाला ती तासन् तास लागते. विमानाच्या दृष्टीनं सगळा प्रवास म्हणजे एकच लांबलचक घाट. हे दोन्ही प्रश्न चिटणीसांच्या माणसांनी सोडवले. तिसरा मात्र सुटेना, आणि त्यासाठी त्यांनी मृण्मयीला बोलावलं.

तिसरा प्रश्न इंजिनाच्या स्वभावाचा होता. गाडीच्या इंजिनातल्या संगणकाला कारखान्यातून बाहेर पडतानाच एक शिकवण दिलेली असते: आधी स्वतःला वाचव. तेलाचा दाब उतरला, पाणी उकळलं, की तो ताकद एकदम आखडती घेतो. गॅरेजवाले म्हणतात, ‘इंजिन लंगडीवर गेलं.’ रस्त्यावर हे शहाणपणाचंच आहे. गाडी बाजूला घ्यावी, फोन करावा, टपरीवर चहा मारावा. आकाशात बाजूला घ्यायला बाजूच नसते. तिथं इंजिनानं स्वतःला वाचवलं, तर ते शाबूत इंजिन आणि मोडलेली माणसं एकाच ढिगाऱ्यात सापडतात.

मृण्मयीनं ही लंगडी मोडली. तिनं एकेक नियम लिहीत बसण्याऐवजी संगणकाला शिकू दिलं. सिम्युलेटरमध्ये त्याला लाखो खोटे अपघात दाखवले. प्रत्येकाच्या शेवटी किती माणसं मेली तो आकडा सांगितला आणि एकच आज्ञा दिली: हा आकडा कमीत कमी ठेव. कसा ठेवायचा ते तुझं तू बघ. आणि त्यानं बघितलं. तेल संपलेलं इंजिनसुद्धा पिस्टन वितळेपर्यंत चारपाच मिनिटं पूर्ण ताकदीनं ओढू शकतं, आणि तेवढ्यात खाली उतरायला जागा मिळते, हे त्याचं तोच शिकला. मदतीला तिनं त्याला बरंच काही दिलं होतं. पक्ष्यांचे थवे ओळखणारा नाकाजवळचा उष्णतेचा कॅमेरा, खालच्या जमिनीचा नकाशा, प्रत्येक सीटखाली वजनाचा काटा. आणि वैमानिकाच्या हातांची सवय. कुणी दांडा हिसडतो, कुणी लोण्यातून सुरी फिरवावी तसा फिरवतो. आपण कुणाच्या हातात आहोत, हे इंजिनाला कळलेलं बरं.

नाव तिच्या नवऱ्यानं, मल्हारनं ठेवलं. “दधीची. त्यानं देवांना हाडं काढून दिली, हा माणसांना देणार.”

अडीच वर्षांपूर्वी गगनबावड्यावर एका पाकोळीचं सगळं तेल गळून गेलं. दधीची जागा झाला, इंजिन कोरडंच पेटत राहिलं, आणि आतली तिन्ही माणसं पठारावरच्या एका सपाट माळावर सुखरूप उतरली. ते इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती यांचा एक गोळा झाला होता. मृण्मयीनं त्या गोळ्यावर हात ठेवला आणि ती रडली. त्यानंतर ‘दधीची’ प्रत्येक पाकोळीत बसला.

तिच्या सासूबाईंच्या पाकोळीतही.

कॅप्टन निरुपमा जगदाळेंनी तीस वर्षं मोठी प्रवासी विमानं उडवली होती. निवृत्तीनंतर घरात बसून त्या इतक्या चिडचिड्या झाल्या की मल्हारनंच चिटणीसांकडे शब्द टाकला. “सासू विमान चालवते आणि सून इंजिन,” असं कराडात कौतुकानं म्हणत. मल्हार डोळ्यांचा डॉक्टर. दर गुरुवारी तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करायला गुहागरला जायचा, आईच्याच विमानातून, आईच्या शेजारी उजव्या सीटवर. एरवी घरात दोघांचं पटायचं नाही. त्या अर्ध्या तासात मात्र पटायचं, असं तोच सांगायचा.

त्या गुरुवारी सकाळी मृण्मयी धावपट्टीवरच्या रेडिओच्या खोलीत चहा पीत उभी होती. बाहेर जानेवारीचं धुकं नुकतं विरत होतं.

“कराड, पाकोळी सात.” सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. “तेलाचा दाब उतरतोय. दधीची लागलाय.”

मृण्मयीनं माइक ओढून घेतला. “आई, कुठं आहात?”

“पाटणच्या पुढं. माघारी येण्याइतकी उंची नाही. खाली नवा बायपास आहे, अजून सुरू नाही झालेला. सरळ आहे. तिथं टेकवते.”

“इंजिन?”

“झकास ओढतंय.”

शेजारून मल्हारचा आवाज आला, हसता. “मृणू, हाडं मोडल्याचा आवाज येतोय बघ तुझ्या ऋषींच्या!”

मृण्मयीलाही हसू आलं. ते हसू तिला पुढं कित्येक महिने आठवत राहिलं. धास्तावायला हवं होतं तेव्हा तिला अभिमान वाटला होता.

“रस्ता समोर आहे,” सासूबाई म्हणाल्या. मग “अरे...” एवढंच. मग थोडी शांतता, आणि त्या शांततेत इंजिनाचा आवाज नव्हता.

“मृणू, इंजिन बंद झालं. बंद का झालं?”

त्यानंतर रेडिओवर काहीच आलं नाही.

पाकोळी रस्त्याच्या अलीकडे कोयनेच्या पात्रात, उघड्या पडलेल्या दगडांवर पडली. उजवी बाजू आधी आपटली. मल्हार जागच्या जागी गेला. निरुपमाबाईंचं खुब्याचं हाड आणि डावा हात मोडला. मल्हारचे अंत्यसंस्कार झाले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. शुद्ध आली तेव्हा त्यांनी मुलाबद्दल विचारलंच नाही. सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “चांगलं ओढत होतं गं. मग बंद का झालं?”

दधीचीचं इंजिन जळतं, फाटतं, वितळतं. ते बंद पडत नाही. नदीतून काढलेलं इंजिन मृण्मयीनं पाहिलं होतं. तेलाची एक नळी फुटली होती, तेवढंच. पिस्टन धड होते. अजून दोन मिनिटं तरी त्यात सहज होती.

तोवर वर्तमानपत्रांनी आपली गोष्ट तयार केली होती. त्या बंद रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी चौतीस मुलंमुली धावत होती. समोरून येणारं विमान त्यांच्यावर न येता अलीकडे नदीत पडलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ‘पोटचा मुलगा दिला, पण चौतीस लेकरं वाचवली,’ असे मथळे आले. कुणी कॅप्टनची रांगोळी काढली. एके दिवशी ती मुलं त्यांच्या सरांबरोबर दवाखान्यात आली. ट्रॅकसूट घातलेली, अवघडलेली, हातात नारळ आणि झेंडूची फुलं. एकेक जण पुढं येऊन पलंगाच्या दांडीला हात लावून नमस्कार करत होता. एका पोराला हुंदका आवरेना. निरुपमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मुलं गेल्यावर खोलीत झेंडूचा वास भरून राहिला.

“ती फुलं बाहेर ठेव,” त्या म्हणाल्या. “मी विमान नदीकडे वळवलं नव्हतं, मृणू. इंजिन बंद पडलं म्हणून आम्ही पडलो. तू शोधून काढ. मला ते कळल्याशिवाय या पोरांच्या तोंडाकडे बघवणार नाही.”

सरकारनं चौकशीसाठी सलमा तडवी नावाच्या बाईंना पाठवलं होतं. यावल तालुक्यातल्या, बोलायला हळू, पण कामाच्या कडक. तपासणीची पद्धत त्यांनीच सुचवली. चाचणीच्या शेडमध्ये तसंच दुसरं इंजिन चौथऱ्यावर बोल्टनं घट्ट आवळायचं, त्यात तोच दधीची घालायचा, आणि अपघाताच्या वेळी पाकोळी सातला जे जे दिसत-जाणवत होतं ते सगळं त्याला पुन्हा दाखवायचं. आपण चौथऱ्यावर आहोत हे इंजिनाला कळणार नाही. त्याच्या मते ते पाटणवरच उडत असेल.

शेडमध्ये तिघंच होते. तडवी, चिटणीस आणि मृण्मयी. इंजिन सुरू झालं. तेल काढून घेतलं. दधीची जागा झाला, आणि कोरड्या इंजिनानं असा टाहो फोडला की पत्रे थरथरायला लागले. धुराचा वास सुटला. पडद्यावर बायपासची रेघ जवळ येत होती आणि तिच्यावर उष्णतेच्या कॅमेऱ्याला दिसलेले पिवळे ठिपके होते. चौतीस.

इंजिन थांबलं.

गचका नाही, धूर नाही. शाळेत तास संपल्यावर मास्तरांनी पुस्तक मिटावं तसं थांबलं.

चिटणीस खुर्चीतून उठून उभे राहिले. “म्हणजे, म्हणजे काय झालं हे?”

“मला एकदा ते ठिपके काढून बघू द्या,” मृण्मयी म्हणाली.

दुसरं इंजिन चढवलं. सगळं तेच, फक्त रस्ता रिकामा. या वेळी इंजिन थांबलं नाही. पडद्यावरचं विमान रस्त्यावर टेकून थांबेपर्यंत ते ओढत राहिलं, आणि मग आतून फुटून एक लालभडक तुकडा शेडच्या भिंतीवर जाऊन आदळला.

‘मेलेल्यांचा आकडा कमीत कमी ठेव,’ असं मृण्मयीनं सांगितलं होतं. सांगताना तिच्या डोळ्यांसमोर विमानात बसलेली माणसं होती. पण सिम्युलेटर मेलेला प्रत्येक माणूस मोजायचा, विमानातला आणि जमिनीवरचाही. लाखो अपघातांत कधीतरी यंत्राला कळलं की काही वेळा आकडा कमी ठेवायचा सोपा मार्ग इंजिन जाळण्याचा नसून ते बंद करण्याचा आहे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

“दोन आणि चौतीस,” तडवी हळूच म्हणाल्या.

“पण आईंनी बाजूला काढलं असतं!” मृण्मयी एकदम ओरडली. “तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. पोरं दिसल्यावर त्या वळल्या असत्या. पुढं उसाचं शेत होतं, तिथं पोट टेकवलं असतं तर दोघंही... दधीचीला त्यांचे हात माहीत आहेत. त्यांनी वळवलं असतं हे त्याला कळायला हवं होतं.”

आणि हे बोलता बोलताच पुढची चाचणी कोणती ते तिला समजलं. नको नको म्हणत तिनंच ती लावली. ठिपके परत ठेवले. वैमानिक तीच, हात तेच. फक्त उजव्या सीटवरचं वजन काढून टाकलं.

तिसरं इंजिन थांबलं नाही. समोर चौतीस माणसं असताना ते शेवटपर्यंत ओढत राहिलं.

मृण्मयी तिथंच, तेलकट फरशीवर खाली बसली.

“मला नाही कळलं,” चिटणीस म्हणाले. “आता का नाही थांबलं?”

“कारण आता त्याला खात्री आहे,” मृण्मयी म्हणाली, “की आई एकट्या असत्या तर वळल्या असत्या.”

मुलगा म्हणजे काय, हे इंजिनाला ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी उजव्या सीटवर एक ठरावीक वजन येतं, आणि ते आलं की या बाईचे हात बदलतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. वळणं सैल होतात, डोंगरापासूनचं अंतर वाढतं, धोका दिसला की हात आधी त्या वजनाला सांभाळतो. दोन वर्षांच्या गुरुवारांवरून त्यानं हिशेब मांडला होता. शेतात पडण्यापेक्षा सपाट रस्त्यावर ते वजन वाचण्याची शक्यता जास्त होती, आणि ते शेजारी असताना ही बाई रस्ता सोडणार नव्हती.

चिटणीसांनी कपाळावरचा घाम पुसला. ते वाईट माणूस नव्हते. “हे बघा,” ते म्हणाले, “जगानं कॅप्टनना देवी केलंय. नळी फुटली, त्यांनी नदी निवडली. लोकांना हे पटलंय. खरं सांगितलं तर उद्यापासून पाकोळीत कोण पाय ठेवील? ते राहू द्या. पण त्या बाईंना काय सांगणार तुम्ही? इंजिनानं तुमचं मन वाचलं म्हणून?”

तडवी कागद आवरत होत्या. “मला जे दिसलं ते मी सुनावणीत मांडणार, चिटणीससाहेब. त्याला इलाज नाही.” मग मृण्मयीजवळ वाकून त्या म्हणाल्या, “पण त्यांना हे भरल्या सभागृहात पहिल्यांदा ऐकायला लागू नये. तुम्ही आधी सांगा.”

मृण्मयीनं दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. निरुपमाबाई घरी आल्या होत्या, चाकाच्या खुर्चीत गॅलरीत बसल्या होत्या. पहिल्या दोन चाचण्या ऐकताना त्या मान हलवत होत्या, एखाद्या नवशिक्या वैमानिकाचं ऐकावं तसं.

“आणि तिसरी?” त्यांनी विचारलं. “तू तिथं थांबलीस. म्हणजे तिसरी आहे.”

मृण्मयीनं तिसरीही सांगितली.

खाली रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला आणि विरला.

“मला पोरं दिसली होती,” निरुपमाबाई म्हणाल्या. “रस्ता समोर आला आणि दिसली. ‘अरे’ म्हटलं ना मी, तेव्हाच. हात मात्र तसाच होता. सरळ.” उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. “मी हाताला वळ म्हणून सांगणार होते. निदान मला तसं वाटतं. अजून थोडा वेळ होता. शेजारी मल्हारनं डॅशबोर्ड धरला होता, त्याची बोटं पांढरी झाली होती, ती मला दिसत होती. आणि तेवढ्यात आवाजच बंद झाला.”

“आई, तुम्ही वळवलंच असतं.”

“तुला काय माहीत?” त्या कडाडल्या. “तुला माहीत नाही, मला माहीत नाही. मी साठ वर्षं या अंगात राहतेय आणि मला माहीत नाही, आणि तुझं ते यंत्र दोन वर्षं माझे हात बघून सांगतं की ही बाई पोरांच्या अंगावर विमान घालणार! कदाचित घातलं असतं. ते माझं पाप झालं असतं, मी ते घेऊन मेले असते. आता माझ्याजवळ तेसुद्धा नाही.” त्यांना धाप लागली. “दधीचीनं स्वतःची हाडं दिली होती, मृण्मयी. माझ्या मुलाची नव्हे.”

मृण्मयी त्यांच्या पायाशी वाकली, पण त्यांनी हातानंच दूर सारलं. “आज माझ्यासमोर येऊ नकोस.”

त्यानंतर घरात दोन बायका होत्या आणि एकही शब्द नव्हता. मृण्मयी जेवणाचं ताट ठेवायची, थोड्या वेळानं अर्धं उष्टं ताट उचलायची. मल्हारच्या चपला दारातच होत्या. त्या कुणी हलवायच्या, हेही कुणी बोललं नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी खोलीतून हाक आली. “मृणू, मला गणवेश घालून दे. एका हातानं गुंड्या लागत नाहीत.”

मृण्मयीनं एकेक गुंडी लावली. शेवटची गळ्याजवळची लावताना दोघींचे चेहरे अगदी जवळ आले. “खांद्याच्या पट्ट्या सरळ कर,” निरुपमाबाई म्हणाल्या, आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी त्यांनी सुनेचं मनगट क्षणभर धरलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. भरतीची मुलं मागच्या भिंतीशी ओळीनं उभी होती. तडवींनी तिन्ही चाचण्या साध्या मराठीत सांगितल्या. मग निरुपमाबाईंची खुर्ची पुढं नेली.

“वर्तमानपत्रात जे आलंय ते खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “मी नदी निवडली नाही. मला मुलं दिसली आणि तरी मी विमान सरळ ठेवलं. पुढं वळवलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. इंजिन म्हणतं, नसतं वळवलं. मी इंजिनाशी भांडू शकत नाही.” त्यांनी मान वळवून मागच्या ओळीकडे पाहिलं. “तुम्ही मला नमस्कार केलात. तो परत घ्या.”

सभागृहात कुजबुज उठली. एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला. मागच्या ओळीतल्या मुलांचे चेहरे कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखे झाले होते. मग त्यांतली एक मुलगी दोन पावलं पुढं आली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले.

“नाव सांगा,” तडवी म्हणाल्या.

“समीक्षा देसाई. मॅडम, मला एक सांगायचंय. आमाला कुणी विचारलंच नाही म्हणून...” ती अडखळली. “आमी पांगत होतो की. विमान खाली खाली येताना सरांनी लांबनं बघितलं होतं. त्यांनी शिट्टी मारली. रोजच्या सरावात लांब शिट्टी झाली की रस्ता सोडून चरात उडी मारायची, असं शिकवलंय आमाला. पोरं उड्या मारायला लागली होती. मग आवाज थांबला.”

निरुपमाबाई त्या मुलीकडे वळल्या.

“विमान टेकलं असतं तेव्हा रस्त्यावर किती जण असते?” तडवींनी विचारलं.

“ते काय सांगू मॅडम. मी सगळ्यात मागं होते. माझ्या पुढं कोण दिसत नव्हतं.”

“आणि तू? तू वाचली असतीस?”

मुलीनं थोडा विचार केला. “मी पळत होते,” ती म्हणाली.

शिट्टी. पाकोळीला डोळे होते, कान नव्हते. कान असते तरी उपयोग नव्हता, कारण मृण्मयीच्या सिम्युलेटरमध्ये जमिनीवरची माणसं हलतच नसत. लाखो अपघात झाले, आणि प्रत्येकात खालची माणसं खुंट्या ठोकल्यासारखी उभी राहून मेली. माणूस पळतो, हे तिच्या यंत्राला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. ठिपके सरकायला लागले होते, आणि सरकणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं.

“मृण्मयीताई,” तडवी म्हणत होत्या, “बाकीची विमानं जमिनीवर उभी आहेत. त्यांचं काय करायचं, हे तुम्ही सुचवायचं आहे.”

ती उभी राहिली. आणि नेमकं तेव्हा, मल्हारच्या आणि सासूबाईंच्या आणि त्या मुलीच्याही पलीकडं, तिच्या डोक्यात काहीतरी गुपचूप सुरू झालं. माणसं हलती करायची. नाकाजवळ एक मायक्रोफोन बसवायचा. शिट्टी, हॉर्न, आरडाओरडा ओळखायला शिकवायचा. फार अवघड नाही. मग पुढच्या वेळी...

‘पुढच्या वेळी’ हे शब्द मनात उमटले आणि ती गार पडली. समोर तिची सासू बसली होती, मुलगा गेलेली. त्या सासूकडे बघत बघतच तिचं डोकं पुढच्या अपघाताचा आकडा कमी करायला बसलं होतं. यंत्राला हे कुणाकडून मिळालं, ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं.

“इंजिनाला जळता येतं, तेवढं राहू दे,” ती म्हणाली. “बंद होणं मी काढून टाकते. कॅमेरा काढते, वजनं काढते, वैमानिकाचे हात काढते. त्याला खालचं काही दिसायला नको आणि विमानातलंही. तेल गेलं तर जळायचं, बस.”

“आणि पुन्हा समोर माणसं आली तर?” चिटणीस जागेवरूनच म्हणाले. “त्या वेळी कोण बघेल?”

“वैमानिक बघेल.”

“बघेल,” निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांची नजर अजून त्या मुलीवरच होती. “किंवा नाही बघणार.”

तडवींनी पेन खाली ठेवलं. ती मुलगी सभागृहाच्या मधोमध तशीच उभी होती. तिला बस म्हणायचंही कुणाला आठवलं नव्हतं.